रविवारचे चित्र : उद्यानातील फुरसत आणि मुंबईची चित्रदृष्टी

१

दृक्प्रत्ययवादी चित्रकलेचा विचार आपल्याकडे बहुधा प्रकाशाच्या अंगाने केला जातो. छाया ही काळी नसून तिलाही निळा, जांभळा, हिरवा असा स्वतःचा रंग असतो. वस्तूचा रंग त्या घटकेला तिच्यावर पडलेल्या उजेडाप्रमाणे बदलतो. रंग आधी एकजीव न करता कॅनव्हासवर तुटक फटकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवले असता पाहणाऱ्याची दृष्टीच त्यांचा मेळ घालते. या गोष्टी कलाविषयक पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या झालेल्या आहेत. १८७४ साली पॅरिसमध्ये भरलेले या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन आणि मोनेच्या एका सूर्योदयाच्या चित्रावरून लुई लरुआ या टीकाकाराने उपहासाने दिलेले संप्रदायाचे नाव, हा इतिहासही सर्वश्रुत आहे. या विवेचनात चुकीचे असे काही नाही. परंतु त्यात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. त्या उजेडात बसले आहे कोण, आणि ते करीत आहेत काय?

या प्रश्नाचे उत्तर थोडे चमत्कारिक आहे. ती माणसे बहुतांशी काहीच करीत नाहीत. ती बागेत बसलेली असतात, झाडाखाली उभी असतात, मुलांना घेऊन हिंडत असतात, पाण्याकडे पाहत असतात. युरोपीय चित्रकलेत त्यापूर्वी माणूस चित्रात यावयाचा तर त्याला काही कारण लागे. तो देव असे, राजा असे, हुतात्मा असे, किंवा निदान खळ्यावर राबणारा शेतकरी तरी असे. सरदारवर्गाचे उद्यानविहार चित्रित झाले होते. पण तेथे विहार हा त्या माणसांच्या पदवीचाच एक अलंकार होता. ओळखदेख नसलेल्या सामान्य नागरिकांचे निव्वळ बसणे हा एका गंभीर चित्राचा संपूर्ण विषय होऊ शकतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रस्थापित झाली.

प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा असा : उद्यानचित्राला लागणारी खरी सामग्री म्हणजे, हातातला धंदा खाली ठेवलेल्या माणसाकडे पाहण्याची एक विशिष्ट रीत. उजेडाचे तंत्र हे त्या रीतीचे साधन होय. मुंबईच्या चित्रकलेने हे साधन पुष्कळ लवकर हस्तगत केले; पण ती रीत तिच्याकडे फार उशिरा, आणि तीही वेगळ्या वाटेने आली. असे का झाले, याचा शोध घेतला असता आपल्या चित्रदृष्टीविषयी, आणि आपल्या रविवाराविषयीही, काही उमगण्यासारखे आहे.

२

प्रथम मूळ चित्रांपैकी तिहींचा विचार करू. पहिले एदुआर माने याचे 'तुइलरी उद्यानातील संगीत' हे १८६२ सालचे चित्र. माने हा काटेकोर अर्थाने दृक्प्रत्ययवादी नव्हे. या संप्रदायाच्या प्रदर्शनांत त्याने कधी भाग घेतला नाही. परंतु नागरी फुरसतीचे आधुनिक चित्र येथूनच सुरू होते. चित्राच्या नावात संगीत आहे. चित्रात मात्र वाद्यवृंद कोठेच नाही. तो आपल्या बाजूस, चित्राच्या बाहेर असावा. आपल्याला दिसतात ते केवळ जमलेले लोक : उंच काळ्या टोप्या घातलेले पुरुष, पुढे खुर्च्यांवर बसलेल्या दोन स्त्रिया, जमिनीवर खेळणाऱ्या मुली. यांतील कित्येक चेहरे ओळखू येतात. कवी बोदलेर, संगीतकार ऑफेनबाख आणि डाव्या कडेला स्वतः माने. गंमत अशी की चित्राच्या मधोमध, जेथे जुन्या शिस्तीप्रमाणे मुख्य पात्र असावयाचे, तेथे रंग पुसट होत जाऊन कोणीच मुख्य उरत नाही. घटना वगळली आणि केंद्र मोकळे ठेवले. या दोन कृतींनी मानेने फुरसतीला आकार दिला.

दुसरे क्लोद मोने याचे १८७८ सालचे 'पार्क मोन्सो'. झाडाच्या दाट सावलीत काही बायका-मुले बसली आहेत. पलीकडे वळणाची वाट उन्हात उजळली आहे. येथे चेहरे नाहीतच. नाक-डोळे काढण्याइतकी सवड चित्रकाराच्या कुंचल्याने घेतलेली नाही. मानेच्या चित्रात आपण 'हा कोण?' असे विचारतो आणि उत्तर मिळते. मोनेच्या चित्रात तो प्रश्न विचारावासाच वाटत नाही. सावलीचा जो अधिकार पानांवर तोच माणसांवर. हा माणसांचा अनादर आहे, असा आक्षेप घेता येईल. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही, अशा स्थितीचे सुख बागेत जाणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. मोनेचा फटकारा त्या सुखाशी इमान राखतो.

तिसरे चित्र जॉर्ज सरा याचे 'ग्रांद जात बेटावरील रविवार'. १८८४ मध्ये आरंभिलेले हे चित्र १८८६ च्या आठव्या, म्हणजे दृक्प्रत्ययवाद्यांच्या शेवटच्या प्रदर्शनात मांडले गेले. सुमारे तीन मीटर रुंदीच्या त्या कॅनव्हासवर चाळीसहून अधिक माणसे आहेत आणि ती जवळजवळ सर्व बाजूने किंवा समोरून, ताठ, एखाद्या मंदिराच्या शिल्पपट्टीप्रमाणे मांडलेली आहेत. रंग बारीक ठिपक्यांनी भरलेला आहे. डाव्या कोपऱ्यात बिनबाह्यांचा सदरा घातलेला, चिलीम ओढणारा एक मनुष्य लवंडला आहे, आणि त्याला जवळजवळ खेटूनच उंच टोपीतला एक नीटनेटका गृहस्थ बसला आहे. एकमेकांकडे पाहत मात्र कोणीच नाही. मध्यभागी पांढऱ्या पोशाखातली एक लहान मुलगी तेवढी सरळ आपल्याकडे पाहते. सराने येथे मोनेची क्षणिकता मोडून काढली, परंतु विषय टाकला नाही. निरनिराळ्या थरांतील अनोळखी माणसे एकाच गवतावर, एकाच दुपारी, शेजारी शेजारी रिकामी बसू शकतात, ही त्या काळी नवी असलेली गोष्ट त्याने एखाद्या विधीइतक्या गंभीरपणे मांडली.

मानेची माणसे नावाने ओळखू येतात, सराची वर्गाने, मोनेची मुळीच ओळखू येत नाहीत. फुरसतीतील माणसाकडे पाहण्याचे हे तीन निरनिराळे मार्ग आहेत. तिन्हींत समान धागा एकच : तो माणूस पोटासाठी काय करतो, हे दाखविण्याची जबाबदारी चित्राने पत्करलेली नाही.

३

ही चित्रे आकाशातून पडली नाहीत. त्यांच्यामागे तीन व्यवस्था होत्या : सार्वजनिक उद्यान, आगगाडी आणि रविवार. ओसमान याच्या कारकिर्दीत, १८५३ पासून पुढे, पॅरिसची पुनर्रचना झाली आणि तिच्या ओघात बागा आखल्या गेल्या. मोनेने रंगविलेले पार्क मोन्सो १८६१ मध्ये लोकांस खुले झाले. १८३७ मध्ये पॅरिसहून निघालेल्या पहिल्या प्रवासी लोहमार्गाने आनियेर येथे सीन नदी ओलांडली, आणि नदीकाठची गावे शहरवासीयांच्या सुटीची ठिकाणे झाली. मोने १८७१ पासून काही वर्षे ज्या आर्जांतय गावी राहिला तेही असेच गाडीने जोडलेले उपनगर होते. त्याच्या तेथील चित्रांत शिडाच्या होड्यांमागे कारखान्यांची धुराडी दिसतात.

आता मुंबईकडे वळू. भांडुप या नावाचा आपल्या विषयाशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपला आले असता प्रथम सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली गाडी याच भांडुपवरून गेली. ओसमानने पॅरिसची सूत्रे हाती घेतली ते हेच वर्ष. जेथे लोहमार्गाचा विचार उपजला ते खाडीकाठचे खेडे पुढे त्याच लोहमार्गामुळे मुंबईचे उपनगर झाले आणि कारखान्यांनी वेढले गेले. आर्जांतय किंवा आनियेर यांचे नाते पॅरिसशी जसे, तसेच भांडुपचे मुंबईशी होय.

उद्यानाविषयीही हेच. भायखळ्याचे व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे लोकांच्या तोंडची राणीची बाग आणि आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी खुले झाले. मानेच्या तुइलरीचेही साल १८६२ हेच. म्हणजे ज्या वर्षी पॅरिसमध्ये उद्यानातील लोकांचे पहिले आधुनिक चित्र झाले त्याच वर्षी मुंबईला तिचे मोठे सार्वजनिक उद्यान मिळाले. आणि ते मलबार टेकडीवर नव्हे, तर पुढे जेथे गिरणगाव वसले त्याच्या उंबरठ्यावर.

राहिला रविवार. येथे दोन शहरांची तुलना विशेष उद्‌बोधक आहे. फ्रान्समध्ये रविवारच्या विश्रांतीचा जुना कायदा १८८० मध्ये रद्द झाला होता आणि साप्ताहिक सुटीचा नवा कायदा व्हावयास १९०६ साल उजाडले. म्हणजे सराने आपला 'रविवार' रंगविला त्या वर्षांत फ्रेंच कामगाराला रविवारचा कायदेशीर हक्क नव्हता. ज्यांना सवलत वा परिपाठ म्हणून सुटी मिळे तेच त्या बेटावर दिसतात. सराने प्रदर्शनाच्या यादीत चित्राच्या नावापुढे १८८४ हे साल आवर्जून घातले होते. नेमक्या त्याच १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. त्या मागण्यांत दर रविवारी सुटी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्या मागणीच्या संदर्भात सांगितले जाते.

या मागण्यांतील दोन कलमांमधील भेद आपल्या विवेचनास उपयोगी आहे. दुपारचा अर्धा तास हा विसावा. रविवार ही फुरसत. विसावा श्रमाच्या पोटातच असतो. ओझे उतरवून ठेवावयाचे ते पुन्हा उचलण्यासाठी. फुरसतीत मात्र वेळ माणसाच्या मालकीचा होतो. तो कसा घालवावा, किंबहुना वाया घालवावा, हे तोच ठरवितो. 'हवा खायला जाणे' या मराठी शब्दप्रयोगात या दुसऱ्या गोष्टीचा नेमका स्वाद आहे. त्या खाण्याने पोट भरत नाही, हे म्हणणारा जाणतो आणि तरीही जातो. उद्यानचित्राचा विषय ही फुरसत आहे.

४

आगगाडी होती, उद्यान होते, १८९० नंतर रविवारही होता. चित्रकारही होते. सर जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ मधली. तिचे नामवंत विद्यार्थी आणि पुढे शिक्षक महादेव विश्वनाथ धुरंधर शाळेत दाखल झाले ते नेमके १८९० साली. त्यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन याच वर्षापासूनचा हिशेब मांडते. मग राणीच्या बागेतील रविवार हा मुंबईच्या चित्रपरंपरेत एक ठळक विषय का झाला नाही?

धुरंधरांकडे कौशल्याची उणीव होती, असे कोणी म्हणणार नाही. गर्दी रचण्यात, वस्त्रांच्या चुण्या आणि माणसांच्या लकबी टिपण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी क्वचितच होता. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकासाठी, तसेच १९२० च्या ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. या ग्रंथांच्या स्वरूपातच उत्तराचा एक भाग दडला आहे. असल्या पुस्तकांना शहरातील माणूस हवा असे तो नमुना म्हणून. अमक्या जातीची स्त्री, तमक्या धंद्याचा फिरस्ता, अमुक प्रांताचा पाहुणा, अशी त्याची ओळख पटावी लागे. मुंबईत ती पटविणे सोपेही होते. पगडी, पागोटे, फेटा, टोपी. नऊवारीची किंवा गुजराती पद्धतीची साडी. माणसाच्या डोक्यावर आणि अंगावर त्याचे कुळ लिहिलेलेच असे. सरकारी गॅझेटियरे आणि चित्रपत्रे यांनी हीच दृष्टी पोसली. चित्रकाराच्या हातात सूक्ष्म निरीक्षणाची जी शक्ती होती ती या ओळख पटविण्याच्या कामी लागली.

आता फुरसतीतला माणूस या दृष्टीला का गवसत नाही, हे ध्यानात येईल. विणकर मागावर असतो तोवर तो विणकर म्हणून रंगविता येतो. रविवारी मुलाचा हात धरून तो हत्ती पाहावयास येतो तेव्हा तो विणकर उरत नाही. तो फक्त एक बाप असतो आणि गर्दीत तसे पुष्कळ असतात. नमुन्यांच्या चित्रसंग्रहात त्याला जागा नाही. आणि पुराणकथेच्या चित्रातही नाही, कारण त्याच्या बसण्याला कथा नाही. राजा रविवर्मांच्या मागोमाग आपल्याकडे जे चित्र लोकप्रिय झाले त्यात माणूस कथेने बांधलेला होता. जे चित्र परकीयांच्या मागणीने वाढले त्यात तो धंद्याने व जातीने बांधलेला होता. या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत उद्यानचित्र जन्मते. ती जागाच आपल्याकडे अरुंद राहिली.

दुसऱ्या बाजूस, प्रकाशाचे तंत्र मात्र आपल्या चित्रकारांनी उत्तम रीतीने आत्मसात केले. कोल्हापूरचे अबालाल रहिमान यांचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. जे. जे. मध्ये शिकून ते कोल्हापुरास परतले, शाहू महाराजांच्या आश्रयास राहिले आणि १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत रंकाळा, संध्यामठ, कोटीतीर्थ असा आपल्या गावचाच परिसर रंगवीत राहिले. त्यांच्या निसर्गचित्रांत पाण्यावरचा उजेड आणि झाडांची सावली ज्या तुटक, थरथरत्या रंगलेपांनी उभी राहते ते पाहून फ्रेंच चित्रांची आठवण होणे अपरिहार्य आहे. पण त्यांच्या चित्रांतील काठ बहुधा निर्मनुष्य असतात, किंवा माणूस असलाच तर झाडाच्या मापाने लहान. तळ्याकाठी आलेल्या लोकांकडे अबालालांची दृष्टी वळली नाही; ती उजेडावरच खिळून राहिली. हा दोष म्हणून सांगत नाही. त्यांच्या चित्रांतील एकान्त हेच त्यांचे वैभव आहे. परंतु मोनेचे तंत्र आणि मोनेचा विषय या दोन गोष्टी एकमेकींवाचून प्रवास करू शकतात, हे त्यावरून सिद्ध होते.

पुढे १९३८ नंतर नाझी राजवटीतून निसटून आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईत स्थायिक झाले आणि त्यांच्या सान्निध्यात तरुण चित्रकारांचे रंग अधिक मोकळे झाले. सय्यद हैदर रझा यांनी १९४५ च्या सुमारास जलरंगांत पावसातला फ्लोरा फाउंटन रंगविला. नागरी दृश्य आणि दृक्प्रत्ययवादी हात यांची सांगड येथे खरोखर पडली आहे. पण मुंबईच्या पावसात रस्ता हा थांबण्याचा नसतो, जाण्याचा असतो. रझांच्या हाती शहर लागले, रविवार नाही लागला. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले, आणि पुढे त्यांच्या चित्रांतून माणसाची आकृती मागे पडत गेली.

५

वरील मीमांसेवर एक सबळ आक्षेप येऊ शकतो, आणि तो चित्रकारांच्या बाजूने यावयास हवा. ते म्हणतील, दृष्टीची गोष्ट राहू द्या. आमचा उजेडच वेगळा आहे. पॅरिसमध्ये जूनचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सोनेरी, तिरपा उजेड तासन्‌तास झाडांतून पाझरत राहतो. मुंबईत दुपारचे ऊन डोक्यावर येते, रंग पुसून टाकते, आणि माणूस त्यात बसत नाही. आपली हवा खाण्याची वेळ संध्याकाळची. आणि आपली संध्याकाळ आखूड. सूर्य बुडाला की सुमारे पंचवीस मिनिटांत अंधार. चित्रफळी मांडून रंग काढीपर्यंत बाग काळोखात जाते. शिवाय चार महिने पाऊस.

हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. किंबहुना, केवळ सामाजिक कारणांनी चित्रकलेचा उलगडा करू पाहणाऱ्यांनी तो नित्य ध्यानात ठेवावा. तथापि त्याने प्रश्न मिटत नाही. सराने ग्रांद जातवर पुष्कळ लहान अभ्यासचित्रे केली, पण मोठे चित्र घडले ते कलागृहात. जी घटका प्रत्यक्षात पंचवीस मिनिटे टिकते ती पन्नास संध्याकाळी पंचवीस पंचवीस मिनिटे पाहता येते. आणि मुंबईच्या उद्यानचित्राने पॅरिसची दुपार का मागावी? आपल्या फुरसतीचा खरा उजेड हा मावळता उजेड आहे. त्यात रंग चमकत नाहीत, विझत जातात; चेहरे आपोआपच पुसट होतात; पांढरा सदरा आणि मोगऱ्याचा गजरा शेवटपर्यंत दिसत राहतो. ज्या चित्रकाराला हे साधेल त्याचे चित्र मोनेहून वेगळे होईल, आणि ते वेगळेच असावयास हवे.

आणखी एक कारण बैठकीचे. फ्रेंच चित्रांतील माणसे खुर्चीवर बसतात किंवा गवतावर लवंडतात. आपण कठड्यावर बसतो, पायरीवर उकिडवे बसतो, चादर अंथरून मांडी घालतो, बाकाच्या कडेला एक पाय वर घेऊन बसतो. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा हे मुंबईच्या फुरसतीचे अस्सल आसन आहे. त्यावर माणसे एका रांगेत, मैदानाकडे किंवा रस्त्याकडे तोंड करून बसतात. प्रतिमांवरून आणि कलाशाळेच्या आसनस्थ नमुन्यांवरून शिकलेल्या हाताला ही आसने नव्याने शिकावी लागतात. ती शिकणे म्हणजे निम्मे उद्यानचित्र शिकणे होय.

६

ही आसने ज्याने शिकली असा चित्रकार आपल्याकडे झाला. पण तो दृक्प्रत्ययवादाच्या वाटेने आला नाही. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा. शिक्षण पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात. १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि त्याचबरोबर ठाण्यातील व मुंबईच्या उपनगरांतील माणसे रंगविली. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०), 'पोखरण' (१९९१), 'लोअर परळ' (२००१) ही त्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना एक गोष्ट जाणवली असेल. या चित्रांतील माणूस वजनदार आहे. उजेड त्याला विरघळवीत नाही. त्याची बाह्यरेषा ठाम, शरीर घट्ट, आणि जिथे तो बसतो तिथे त्याचा भार पडतो.

उपाहारगृहात बसलेला तो मनुष्य पाहा. त्याला कथा नाही. त्याची जातही चित्र सांगत नाही. नमुन्यांच्या संग्रहातून तो निसटला आहे, आणि म्हणून वर वर्णिलेल्या मोकळ्या जागेत आपली चित्रकला येथे प्रथमच ठामपणे पाऊल टाकते, असे माझे मत आहे. परंतु त्याचे बसणे हे फुरसतीचे बसणे नव्हे, विसाव्याचे आहे. श्रम त्याच्या खांद्यांतून अजून उतरलेला नाही. लोखंड्यांच्या अर्जातील दुपारचा अर्धा तास या चित्राने आत्मसात केला आहे. रविवार अजून बाकी आहे. पटवर्धनांनी मोनेचा फटकारा का टाळला, हेही यावरून समजते. ज्या माणसाला आजवर कोणी नीट पाहिलेच नाही त्याला चित्रात आणताच उजेडात विरघळवून टाकणे हा अन्याय झाला असता. ओळख पुसली जाण्याचे सुख भोगावयाचे तर आधी ओळख असावी लागते. पार्क मोन्सोतील स्त्रियांना ती होती.

अशा रीतीने मुंबईच्या परंपरेत उद्यानचित्राचे दोन अर्धभाग वेगवेगळ्या हातांत पडले. उजेड अबालालांकडे, माणूस पटवर्धनांकडे. मध्ये निदान अर्ध्या शतकाचे अंतर. फ्रान्समध्ये हे दोन्ही एकाच पिढीच्या हाती होते, यात त्या पिढीच्या प्रतिभेचा वाटा आहे तसा परिस्थितीचाही आहे. आणि त्या पिढीचीही मर्यादा विसरू नये. पूर्व पॅरिसच्या कामकरी वस्तीत १८६७ मध्ये ब्यूत-शोमाँ नावाचे मोठे उद्यान झाले. दृक्प्रत्ययवाद्यांच्या प्रसिद्ध चित्रांत ते जवळजवळ नाहीच. त्यांचीही फुरसत बहुधा चांगल्या वस्तीतली होती. सराने चिलीमवाल्याला कोपऱ्यात जागा दिली, ती त्याहून कितीतरी दुर्मीळ गोष्ट आहे.

७

शेवटी पुन्हा भांडुपकडे येणे उचित होईल. जॉर्ज क्लार्क ज्या गावी आले होते ते आता ओळखू येण्याच्या पलीकडे गेले आहे. पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांच्या उतारावर घरे एकावर एक चढत गेली आहेत, मधून लोहमार्ग, पूर्वेस मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. ज्या कारखान्यांच्या भोंग्यांवर एके काळी येथील दिवस बेतला जाई त्यांतील कित्येकांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. रविवारी संध्याकाळी लोक लहानशा बागांतून आणि खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याने फिरतात. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावयास दुर्बिणी घेऊन येणारेही असतात. बागेतल्या बाकांवर म्हातारे बसतात. ज्यांचा रविवार स्वयंपाकघरात निम्मा संपलेला असतो अशा बायका दिवेलागणीला मुलांना घेऊन उतरतात आणि अर्धा तास बसतात. त्यांचा तो अर्धा तास विसावा म्हणावा की फुरसत, हे ठरविणे सोपे नाही. आणि १८९० च्या सभेत बोलावयास उभ्या राहिलेल्या दोघींना तो प्रश्न नवा वाटला नसता.

या दृश्याचे चित्र अजून व्हावयाचे आहे. ते झाले तर त्याची परीक्षा कशी करावी, एवढेच टीकाकाराने आधी सांगून ठेवणे योग्य. सावलीत जांभळा रंग आहे की नाही, हे त्याने पहिल्याने पाहू नये. त्या चित्रातील स्त्री बाकावर बसली आहे ती पुन्हा उठण्यासाठी, की नुसतीच बसण्यासाठी, हे तिच्या पाठीच्या रेषेवरून कळते का, ते पाहावे. ती कोणत्या जातीची, तिचा नवरा कोठे कामाला, हे चित्र आपल्याला विचारावयास लावते का, ते पाहावे. आणि मावळत्या उजेडात तिचा चेहरा पुसट झालाच असेल तर तो तिला हरवून बसतो, की घटकाभर मोकळी करतो, हे पाहावे. या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे एकत्र मिळतील तेथे अबालालांचा उजेड आणि लोखंड्यांचा रविवार यांची भेट झाली, असे समजण्यास हरकत नाही.